गाठीचं नाव विचारा

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधाच्या चिठ्ठीपुरता. तरीही आज मी आपल्याशी पोटातल्या एका गाठीविषयी बोलणार आहे. ही गाठ इतकी दुर्मीळ आहे की पुष्कळ डॉक्टरांना ती उभ्या आयुष्यात भेटत नाही. मग माझ्यासारख्यानं तिच्यावर का बोलावं? एक तर ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटात निघाली. आणि दुसरं, या गाठीची सगळी कहाणी नावाची आहे. चुकीचं नाव दिलं तर माणूस घरी मरण्यासाठी पाठवला जातो, बरोबर नाव दिलं तर तोच माणूस रोज एक गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगतो. शब्दांशी आयुष्यभर झटापट केलेल्या माणसाला याहून जवळचा विषय कुठला असणार?

आधी अवयवाचं नाव घेऊ. मराठीत आपण स्वादुपिंड म्हणतो. आमच्या घरात, दखनी-उर्दूच्या वळणानं, त्याला लबलबा म्हणतात. इंग्रजीतला पॅनक्रियाज हा शब्द ग्रीकातून आला, अर्थ 'सगळं मांसच'. म्हणजे ज्यात हाड नाही, कूर्चा नाही असा अवयव. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पडलेला, साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीचा हा पिंड. त्याचं डोकं उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं. शेपूट डावीकडे, प्लीहेला टेकलेलं. अन्न पचवणारे रस तो तयार करतो आणि रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिनही तोच देतो. आत खोलवर दडलेला असल्यामुळे त्याचं दुखणं हाताला लागत नाही आणि लवकर कळतही नाही.

'स्वादुपिंडाचा कॅन्सर' हे शब्द कानावर पडले की घर बसतं. त्याला कारण आहे. या अवयवाच्या कर्करोगांपैकी शंभरातले सुमारे नव्वद ज्या प्रकारचे असतात तो प्रकार फार कठोर आहे. तो पाचक रसाच्या नळ्यांच्या अस्तरातून उगवतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना विळखा घालतो, आणि लक्षात येतो तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. पण उरलेल्या दहांत तऱ्हेतऱ्हेच्या गाठी आहेत. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ साली स्वादुपिंडात जी गाठ निघाली ती संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची होती. ते त्यानंतर आठ वर्षं जगले आणि त्या काळात त्यांनी जगाच्या हातात आयफोन दिला. तरुण मुलींमध्ये आढळणारी एक मऊ, अर्धवट पोकळ गाठ असते, ती काढून टाकली की बहुतेक जणी बऱ्या होतात. काही नुसत्या पाण्याच्या पिशव्या असतात. आणि या सगळ्यांच्या कडेला, अगदी क्वचित, एक गाठ असते जिला वैद्यकात जठरांत्रीय स्ट्रोमल ट्यूमर म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं सुटसुटीत नाव 'जिस्ट'.

'स्ट्रोमा' हाही ग्रीक शब्द. त्याचा अर्थ अंथरूण, गादी. शरीरातल्या कामकरी पेशी ज्या आधार-उतींवर पहुडलेल्या असतात, ते अंथरूण म्हणजे स्ट्रोमा. ही गाठ पचनमार्गाच्या अस्तरातून येत नाही, त्या अंथरुणातून येते. दहा लाख लोकांमागे वर्षाला दहा ते पंधरा जणांना ती होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जठरात, सुमारे तीस टक्के लहान आतड्यात, थोड्या मोठ्या आतड्यात आणि अन्ननलिकेत. पचनमार्गाच्या बाहेर उगवणाऱ्या जिस्ट मोजक्याच, आणि त्यातही स्वादुपिंडातली तर इतकी विरळा की जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले असे रुग्ण काही डझनांतच मोजता येतात.

त्यातली एक गाठ सोलापुरातल्या एका विडी कामगार बाईच्या पोटात होती. ती माझी आपा.

हे २०१६ साल. आपा तेव्हा एकसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळलेली. दुल्हेभाई यंत्रमागावर कामाला होते. आपाची तक्रार साधी होती: डाव्या कुशीत जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, जिना चढताना धाप लागते. कोणी गॅस म्हणालं, कोणी वय म्हणालं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली आलेलं. मग सोनोग्राफी झाली आणि स्वादुपिंडाच्या शेपटाशी मोसंबीएवढी गाठ दिसली. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, 'स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आता फार धावपळ करू नका, घरी नेऊन सेवा करा.' तुकडा तपासलेला नव्हता. काचपट्टी कोणी पाहिली नव्हती. अवयवाचं नाव आणि गाठीचा आकार, एवढ्यावर निकाल लागला होता.

त्या संध्याकाळी घरात रडारड झाली. आपा मात्र शांतपणे म्हणाली, 'गाठ आहे म्हणतात, तर ती कसली आहे ते तर सांगा.' शिक्षण चौथीपर्यंतचं, पण प्रश्न नेमका होता. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचा सारांश तिच्या त्या एका वाक्यात आहे.

भाचा तिला पुण्याला घेऊन गेला. तिथल्या शल्यविशारदांनी आधी सी.टी. स्कॅन मागितला. शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला तो स्कॅन त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवला आणि ते म्हणाले, 'नेहमीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर असा दिसत नाही.' नेहमीचा कॅन्सर रंगद्रव्य फारसं घेत नाही, काळपट राहतो. त्याच्या कडा धूसर असतात. ही गाठ रंगद्रव्यानं उजळून निघाली होती, म्हणजे तिला रक्तपुरवठा भरपूर होता. कडा रेखीव होत्या. मध्यभाग मात्र सडून पोकळ झालेला. एवढी मोठी गाठ असूनही बाजूच्या रक्तवाहिन्या तिनं वेढल्या नव्हत्या, नुसत्या ढकलल्या होत्या.

पण चित्रावरून नाव ठरत नाही, नुसता संशय ठरतो. उजळणारी गाठ संप्रेरकांचीही असू शकते. म्हणून तुकडा हवा. तो कसा घ्यावा, यालाही महत्त्व आहे. जिस्ट मऊ आणि रक्तानं भरलेली असते. पोटावरून सुई खुपसली आणि गाठ फुटली, तर तिच्या पेशी पोटाच्या पोकळीत सांडतात आणि पुढे जागोजागी रुजतात. त्यामुळे शक्य असेल तिथे तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवतात, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं, आणि जठराच्या भिंतीतूनच बारीक सुईनं नमुना घेतात. आपाचा नमुना असाच घेतला. गाठ नीट काढता येण्याजोगी असेल तर कधी कधी डॉक्टर तुकडा न घेता थेट शस्त्रक्रियाही करतात. तो निर्णय त्यांचा. मात्र कारण विचारायचा हक्क आपला.

सुईतून आलेल्या त्या कणांची तपासणी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना आम्ही भेटलो. रुग्णाचे नातेवाईक सहसा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत; त्या तळघरात सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या असतात आणि माणसांचं भवितव्य लिहीत असतात. त्यांनी दुल्हेभाईंना सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. म्हणाल्या, 'या लांबट पेशी पाहा. दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे फुगीर. आम्ही यांना स्पिंडल सेल म्हणतो.' दुल्हेभाई बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि म्हणाले, 'हे तर धोटे आहेत.' हातमागावर ताण्यातून इकडून तिकडे धावणारा तो धोटा. बाई हसल्या. म्हणाल्या, 'यापुढे मी विद्यार्थ्यांना असंच सांगेन.'

पण धोट्याच्या आकाराच्या पेशी स्नायूंच्या गाठीतही असतात, मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठीतही असतात. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. इथेच वैद्यकशास्त्र कित्येक दशकं फसलं होतं. १९८० च्या आधी या गाठींना स्नायूंच्याच गाठी समजत. त्यांच्यावर नेहमीची केमोथेरपी देत आणि ती जवळजवळ कधीच लागू पडत नसे. १९८३ साली मझूर आणि क्लार्क या दोन अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी दाखवलं की यातल्या अनेक गाठींत स्नायूंची खूणच सापडत नाही. आणि त्यांनी 'स्ट्रोमल ट्यूमर' हा शब्द वापरला. नाव मिळालं, पण कूळ अजून कळलं नव्हतं.

कूळ कळलं ते पंधरा वर्षांनी. सांतियागो रामोन इ काहाल हे स्पेनचे थोर शास्त्रज्ञ. मेंदूच्या पेशींची त्यांनी हातानं काढलेली चित्रं आजही पाहत राहावीत अशी. १९०६ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. याच काहालांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आतड्याच्या भिंतीत विखुरलेल्या काही विशेष पेशी टिपून ठेवल्या होत्या. त्यांचं काम काय, ते पुढे फार उशिरा उमगलं. आतड्याला ताल देणाऱ्या या पेशी. हृदयाचा ठोका जसा त्याच्यातल्या खास पेशी धरतात, तसा आतड्याच्या लाटांचा ठेका या पेशी धरतात. १९९८ साली जपानमधील सेइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जिस्टच्या पेशींवर आणि काहालांच्या पेशींवर एकच प्रथिन असतं, त्याचं नाव किट. आणि जिस्टमध्ये या किटचा जनुक बिघडलेला असतो. किट म्हणजे पेशीच्या अंगावरचं एक बटण समजा. बाहेरून निरोप आला की ते दाबलं जातं आणि पेशी वाढते; निरोप संपला की बंद होतं. जिस्टमध्ये हे बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून बसतं. पेशीला कोणी 'पुरे' म्हणतच नाही.

मग आता निदान कसं करतात? तुकड्यावर रसायनांची विशेष पुटं चढवतात. किट प्रथिन असेल तर तपकिरी रंग येतो. या तपासणीला अहवालात सीडी ११७ असं लिहिलेलं असतं. दुसरी खूण डॉग-वन नावाची. या दोन्ही खुणा उमटल्या आणि स्नायूंच्या, मज्जातंतूंच्या, संप्रेरकांच्या खुणा उमटल्या नाहीत, की नाव पक्कं. आपाच्या काचपट्टीवर दोन्ही खुणा गडद उमटल्या.

एक शंका उरते, ती स्वादुपिंडाच्या बाबतीत फार महत्त्वाची. स्वादुपिंडात ही गाठ आलीच कशी? आतड्याला ताल देणाऱ्या पेशींशी त्याचा काय संबंध? काहालांच्या पेशींशी साम्य असलेल्या काही पेशी स्वादुपिंडातही आढळल्या आहेत, हे एक उत्तर. दुसरं उत्तर जरा संशयी आहे: स्वादुपिंडाच्या म्हणून नोंदलेल्या काही गाठी मुळात शेजारच्या लहान आतड्याच्या किंवा जठराच्या भिंतीतून निघून बाहेरच्या बाजूला वाढलेल्या आणि स्वादुपिंडाला चिकटलेल्या असाव्यात. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ नेमकी कुठून निघाली हे शल्यविशारद बारकाईनं पाहतात. आपाची गाठ जठरापासून सुटी होती. ती शेपटातूनच वाढली होती.

आता उपचार. पहिला आणि मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठ शेपटाशी असेल तर स्वादुपिंडाचा डावीकडचा भाग काढतात, अनेकदा प्लीहेसकट. डोक्याशी असेल तर काम फार मोठं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा असं सगळं काढून पुन्हा जोडणी करावी लागते. ॲलन व्हिपल या न्यूयॉर्कच्या सर्जननी १९३५ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. अशी शस्त्रक्रिया वर्षाकाठी अनेक होतात त्या ठिकाणीच ती करून घ्यावी. इथे सरावाला मोल आहे. जिस्टची एक गोष्ट रुग्णाच्या फायद्याची आहे: ती लसिकाग्रंथींत सहसा पसरत नाही, त्यामुळे त्या खरवडून काढाव्या लागत नाहीत. जपायचं ते एवढंच, की गाठ अखंड, न फुटता बाहेर यावी.

आपाची गाठ अखंड निघाली. नऊ सेंटिमीटर. प्लीहा गेली, म्हणून तिला न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी द्याव्या लागल्या, कारण प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतू फार झटकन ग्रासतात. साखर थोडी वाढली. आणि अन्न नीट पचेना, म्हणून पाचक रसांच्या कॅप्सूल आल्या. डब्यातल्या कागदावर भाच्यानं वाचलं: ही द्रव्यं डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. घरात एकदम शांतता. जन्मभर पाच वेळची नमाज न चुकवलेली बाई. भाचा कागद लपवायला निघाला होता, पण मी म्हटलं, निर्णय तिचा आहे, तिला सांगायला हवं. आपानं मोहल्ल्यातल्या वृद्ध मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, 'दुसरं औषध आहे का?' डॉक्टरांनी सांगितलं, याच तोडीचं दुसरं मिळत नाही. मौलवीसाहेब म्हणाले, 'मग बिस्मिल्ला म्हणून घ्या. जीव राखणं हाच पहिला हुकूम आहे.' शुद्ध शाकाहारी घरांतही हा प्रश्न येतो. तो दाबून ठेवू नये, मोकळेपणानं विचारावा. दडवलेलं औषध पुढे विश्वास मोडतं.

शस्त्रक्रियेनंतर प्रश्न उरतो: गाठ परत येईल का? पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी पाहतात. गाठ किती मोठी होती, कुठे होती, आणि तिच्यातल्या किती पेशी विभाजनाच्या ऐन क्षणी पकडल्या गेल्या. पाच चौरस मिलिमीटर क्षेत्रात अशा पेशी मोजतात. मोठी गाठ आणि भरभर विभागणाऱ्या पेशी असतील तर धोका जास्त. फुटलेली गाठ तर सर्वांत धोक्याची. आपाचा धोका वरच्या श्रेणीतला निघाला. म्हणून तिला गोळी सुरू झाली.

या गोळीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं बोलणं पुरं होणार नाही. तिचं नाव इमॅटिनिब. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी ती तयार झाली. त्या संशोधनात अमेरिकी डॉक्टर ब्रायन ड्रकर यांचं नाव अग्रभागी आहे. अडकलेलं बटण सोडवणारी ही गोळी. रक्ताच्या कर्करोगातलं बटण वेगळं, पण ही गोळी किटचं बटणही सोडवते असं प्रयोगशाळेत दिसलं. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी इथे एका पन्नाशीच्या बाईला ती प्रथम दिली गेली. जिस्ट यकृतात पसरलेली, शस्त्रक्रिया झालेल्या, केमोथेरपी वाया गेलेली. काही आठवड्यांत तिच्या गाठी आक्रसू लागल्या आणि पेट स्कॅनवर त्या विझलेल्या दिसल्या. एप्रिल २००१ मध्ये डॉ. हेइक्की योएन्सू आणि सहकाऱ्यांनी त्या एकाच रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी गोळीला मान्यता मिळाली. आधी पसरलेल्या जिस्टचा रुग्ण सरासरी दीड वर्ष जगे. या गोळीनंतर ते आयुष्य सुमारे पाच वर्षांवर गेलं आणि काही जण त्याहूनही कितीतरी पुढे गेले.

शस्त्रक्रियेनंतर गोळी किती काळ घ्यावी, याचा मोठा अभ्यास २०१२ साली याच योएन्सूंनी मांडला. जास्त धोका असलेल्या चारशे रुग्णांपैकी निम्म्यांना एक वर्ष गोळी दिली, निम्म्यांना तीन वर्षं. पाच वर्षांनी पाहिलं तर आजार न उलटलेल्यांचं प्रमाण एक वर्षवाल्यांत सुमारे ४८ टक्के आणि तीन वर्षवाल्यांत सुमारे ६६ टक्के होतं. म्हणून आपाला तीन वर्षं सांगितली.

पण फिनलंडची गोळी सोलापूरच्या विडी कामगाराला परवडणार कशी? मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एकेकाळी सुमारे सव्वा लाख रुपये होता. भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजारांच्या आसपास. मूळ कंपनी काही रुग्णांना फुकट गोळ्या देत होती, हेही सांगायला हवं. पण दान आणि हक्क यांत अंतर असतं. कंपनीनं या औषधाच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं. २००६ साली पेटंट कार्यालयानं ते नाकारलं. त्याविरुद्ध लढणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठानं निकाल दिला: जुन्या औषधाचं नवं रूप पेटंटला पात्र ठरायचं तर रोग बरा करण्याची त्याची शक्ती खरोखर वाढलेली दिसली पाहिजे, इथे ते सिद्ध झालेलं नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ (ड) वर हा निकाल उभा आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं इमॅटिनिबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दिल्लीत झालेल्या त्या निकालामुळे आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात आपाची गोळी मागवता आली. कायद्याची कलमं रुक्ष असतात असं आपण म्हणतो. मला ते एक कलम माझ्या घरातल्या एका माणसाच्या श्वासाएवढं जवळचं आहे.

गोळी सोपी नव्हती. सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या. रात्री पोटऱ्यांत गोळे येत. मळमळ, अंगाचा रंग थोडा उजळला. 'म्हातारपणी गोरी झाले,' असं ती हसून सांगे. गोळी जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. रमजान आला तेव्हा तिनं डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी रक्ताचे, साखरेचे अहवाल पाहून पहिल्या वर्षी रोजे नकोत म्हणून सांगितलं आणि तिनं ऐकलं. कोणीतरी आणून दिलेला काढा मात्र ती चोरून घेत होती. तो डॉक्टरांनी बंद करवला. इमॅटिनिबशी अनेक औषधांचं जमत नाही, म्हणून दुसरं काहीही घेण्याआधी विचारलंच पाहिजे.

तीन वर्षं झाली, गोळी थांबली. दुसऱ्या वर्षी सहामाही स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके दिसले. जिस्ट परत येते ती बहुधा यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर. या वेळी घर बसलं नाही. गाठीचं नाव आम्हाला ठाऊक होतं. जुन्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली. किट जनुकाच्या अकराव्या भागात बिघाड निघाला. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत तो तिथेच असतो आणि त्याला ही गोळी उत्तम लागू पडते. नवव्या भागात असता तर मात्रा वाढवण्याचा विचार झाला असता. डी ८४२ व्ही नावाचा आणखी एक बिघाड असतो, त्याला इमॅटिनिब दाद देत नाही. त्यासाठीचं वेगळं औषध २०२० साली अमेरिकेत मान्य झालं. इमॅटिनिब निकामी ठरलं तर सुनिटिनिब, रेगोराफेनिब, रिप्रेटिनिब अशी पुढची पायरीवार औषधंही आहेत. आपाची तीच गोळी पुन्हा सुरू झाली, आता कायमची. तीन महिन्यांनी स्कॅन पाहून भाचा घाबरला, कारण ठिपके तेवढेच होते. डॉक्टर म्हणाले, 'आकार पाहू नका, घनता पाहा. आतून ते विरघळलेत.' जिस्टमध्ये असं होतं. गाठ जागेवर राहते, पण तिच्यातला जीव जातो.

आपा आज हयात आहे. बरी झाली असं मी म्हणणार नाही, तिचे डॉक्टरही म्हणत नाहीत. आजार आणि ती एका घरात राहतात, एवढंच. पण ज्या बाईला 'घरी नेऊन सेवा करा' म्हटलं होतं, तिनं त्यानंतर दोन नातींची लग्नं पाहिली.

श्रोतेहो, सगळ्याच गाठी अशा नसतात. स्वादुपिंडाच्या बहुतेक रुग्णांच्या वाट्याला ही गोळी येणार नाही, आणि खोटी आशा विकायला मी इथे बसलेलो नाही. पण शंभरात कोण नव्वदातला आणि कोण दहांतला, हे तुकडा पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. गाठ निघाली तर अवयवाच्या नावावर थांबू नका, पेशीचं नाव विचारा. तुकडा तपासला का, विशेष पुटांची तपासणी झाली का, हे विचारा. काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो रुग्णाचा असतो. तो मागून घ्या, जपून ठेवा, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. आमच्या कामी पाच वर्षांपूर्वीचा तोच ब्लॉक आला. मोठी शस्त्रक्रिया सरावाच्या हातांकडून करून घ्या. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणत्या योजनेत काय बसतं ते त्यांना ठाऊक असतं, आणि मागण्यात कमीपणा नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि रुग्णाला त्याच्या आजाराचं नाव सांगा. त्याच्या पाठीमागे कुजबुजून त्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क काढून घेऊ नका.

'कसली आहे ते तर सांगा' हे वाक्य उच्चारायला पदवी लागत नाही. ते विचारलं की डॉक्टरांना राग येईल, ही भीती आपण मनातून काढली पाहिजे. चांगला डॉक्टर त्या प्रश्नाची वाटच पाहत असतो.